न जुळलेल्या ओळी

मंगळवारी सकाळी मी वरच्या बाणाचे बटण दाबले आणि मी कधीच न विचारलेला प्रश्न पडद्यावर आला.

सुरुवातीची चूक माझीच होती, आणि ती चूक आमच्याकडे प्रत्येक जण दिवसातून एकदा तरी करतो. कीबोर्ड आपल्या किरिल लिपीवर राहिलेला असतो, मशीनला हवी असते लॅटिन, आणि आपण मान खाली घालून ओळभर टाइप करून मोकळे होतो. मान वर केली तर पडद्यावर आपलीच अक्षरे, पण मशीनच्या लेखी नुसता कचरा. मी ती ओळ पुसली, लिपी बदलली, आणि पुन्हा सगळे टाइप करायचा कंटाळा आला म्हणून कालचा प्रश्न परत बोलवायला बाण दाबला. टर्मिनलची ही एक सोय आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरे, माउसला काही काम नाही. प्रश्न लिहायचा, शेवटी अर्धविराम द्यायचा, एंटर दाबायचे, की नगरपालिकेच्या नोंदींमधून उत्तराच्या ओळी खाली उतरतात. आणि विचारलेला प्रश्न ते विसरत नाही. बाण एकदा दाबला की शेवटचा प्रश्न, पुन्हा दाबला की त्याच्या आधीचा, असे पाचशेपर्यंत. पाचशे एकावा आला की सर्वांत जुना गळून पडतो.

आदल्या संध्याकाळी मी शेवटचा प्रश्न ऑक्टोबरातल्या जन्मनोंदींचा विचारला होता. समोर आलेला प्रश्न वेगळाच होता. पासष्टच्या पुढची माणसे, घरात एकटी, घर स्वतःच्या नावावर, आणि ज्यांच्यापुढे संपर्काचे म्हणून कोणाचेही नाव नोंदलेले नाही, अशी किती?

पहिल्यांदा वाटले, हा मीच विचारला असणार आणि विसरले असणार. सदुसष्टाव्या वर्षी माणूस चोराआधी स्वतःवर संशय घेतो. गेल्या हिवाळ्यात मी लिंडनच्या फुलांच्या चहाचे आधण ठेवून बाजारात गेले होते आणि परत आले तेव्हा भांड्याचे बूड काळेठिक्कर झाले होते. पण भांड्याचा वास तरी आला होता. या प्रश्नाला माझा कसलाच वास नव्हता. बाहेर दुनाव नदीवरून धुके आले होते आणि खिडकीत चौकातला पुतळासुद्धा दिसत नव्हता. हात कोटाच्या बाहीत ओढून घेत मी आणखी एकदा बाण दाबला. तोच प्रश्न, फक्त ‘किती’ऐवजी नावे आणि पत्ते मागितलेले, आणि शेवटी ताकीद की दहाच ओळी दाखव. मग मात्र वास आला, आणि तो माझाच होता.

आधी मोजा, मग पाहा. एकवीस वर्षे मी शाळेच्या तळघरातल्या संगणकखोलीत मुलांना हे शिकवले. अनोळखी तक्त्यात शिरताना थेट ‘सगळे दाखव’ म्हणू नका, लाख ओळी अंगावर कोसळतील. आधी विचारा, किती आहात. मग म्हणा, दहा जण पुढे या. मुलांना मी सांगायची, अंधाऱ्या खोलीत जाताना आपण आधी भिंत चाचपतो ना, तसे. असे वागणारा दुसरा माणूस मला या कार्यालयात कधी भेटला नाही. क्रासिमिराबाई, आमच्या विभागप्रमुख, तर टर्मिनल उघडले की अंगावर पाल पडल्यासारखे करतात. “तेमेनुगा, तुझं ते काळं भोक तूच सांभाळ,” त्या म्हणतात, “मला आपलं ते रंगीत चौकटींचं बरं.”

त्यांना विचारले. त्या खुर्चीवर चढून खिडकीच्या फटीत कापूस भरत होत्या.

“माझ्या मशीनवर कोणी बसलं होतं का, क्रासिमिराबाई?”

“तुझ्या मशीनवर? अगं, सगळं शहर बसतं. गेल्या आठवड्यात करखात्याची ती लांब नाकाची बसली, आपला रखवालदार फुटबॉलचे निकाल बघत बसला. पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलाय, विसरलीस?”

विसरले नव्हते. मीच चिकटवला होता. आमच्याकडे सहकाऱ्यापासून पासवर्ड लपवणे म्हणजे पाठ फिरवून बानित्सा, चीज भरलेली गरम पोळी, एकट्याने खाण्यासारखे. एकच खाते, माझ्या नावाचे, आणि त्यातून सगळे. “काही हरवलं का?” त्यांनी विचारले.

“कोणीतरी एकट्या म्हाताऱ्यांची यादी काढलीये.”

त्यांनी कापूस भरणे थांबवले, पण वळल्या नाहीत. “आणि नाव कोणाचं लागलंय?”

“माझं.”

“मग बाई, मोठ्यानं बोलू नकोस,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कापूस भरू लागल्या.

मी परत येऊन बसले. एक गोष्ट तोपर्यंत ध्यानात आली होती. मी स्वतः जो प्रश्न विचारीन तो शेपटाला जोडला जाईल, आणि दुसऱ्या टोकाचा एक गळेल. म्हणजे मी जितके शोधीन तितका पुरावा माझ्याच हाताने पुसला जाईल. म्हणून मी खणातून चौकटींची वही काढली आणि काहीही न विचारता, नुसता बाण दाबत, एकेक ओळ हाताने उतरवू लागले. जन्मनोंदी माझ्या. विवाहाचे दाखले माझे. मधूनच ते. एप्रिलमध्ये पंचाहत्तरच्या पुढची माणसे. जूनमध्ये सत्तरच्या पुढची. आता पासष्ट. बाकी शब्दाचाही फरक नव्हता. फक्त वय खाली येत होते, उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरते तसे, आणि मागे एकेक नवा दगड उघडा पडत होता. पासष्टाच्या काठावर मी उभी होते. एकटी. घर माझ्या नावावर. संपर्काला कोणी नाही.

तो संपर्काचा तक्ता व्हावा असा हट्टही माझाच. सहा हिवाळ्यांपूर्वी गोदीमागच्या वस्तीत एक म्हातारा घरात मेला आणि तीन आठवडे कोणाला कळले नाही. मी अर्ज केला की प्रत्येक एकट्या माणसापुढे एक नाव असावे; बर्फ पडला, वीज गेली, तर कोणाला फोन करायचा ते कळावे. ज्यांच्यापुढे नाव नसेल त्यांची यादी काढून आपण स्वतः जावे. दोन हिवाळे गेलो. मग मोटारीला पेट्रोल नाही म्हणाले. तक्ता राहिला. न जुळलेल्या ओळी शोधायची ती युक्ती राहिली. एका तक्त्यातली माणसे दुसऱ्या तक्त्याशी जोडायची आणि ज्यांच्यापुढे जोड मिळत नाही, रिकामे राहते, तेवढीच ठेवायची. ‘जे आहे ते कोणालाही दिसते,’ मी मुलांना म्हणायची, ‘जे नाही ते पाहायला शिका.’ काय सुंदर वाटायचे मला ते वाक्य.

मुले. अठ्ठावीस मुले आणि अकरा मशीन, दोन हजार तीनचा डिसेंबर. तळघराच्या भिंतींना ओल होती आणि मशीन तापले की धुळीचा गोड वास यायचा. नववर्षाच्या भेटींचे दिवस जवळ आले होते, आणि मी ठरवले की गणितासारखा कोरडा धडा नको, चांगुलपणाचा धडा द्यावा. शाळेच्या खऱ्या नोंदवहीतून मी दोन तक्ते केले होते. एकात वर्गातली मुले, दुसऱ्यात त्यांचे पालक. “शोधा बरं,” मी म्हटले, “आपल्यात असं कोण आहे ज्याच्यासाठी सजवलेल्या झाडाखाली भेट ठेवायला घरचं कोणी नाही. आपण ठेवू.” मला वाटले होते, चार-पाच नावे येतील, दरवर्षी पालकसभेला चार-पाच खुर्च्या रिकाम्या असायच्याच. पण रिकामी खुर्ची म्हणजे पालक नसणे नव्हे, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी मोजले नव्हते. मुलांना सांगत आले ते मी त्या दिवशी स्वतः केले नव्हते. स्विलेन सर्वांत आधी पोहोचला. तो नेहमीच पोहोचायचा, मशीनला वाटेकरी असलेल्या मुलाचा कोपर बाजूला सारून. “बाई, आलं!” तो म्हणाला. “एकच ओळ.” चेहरा उजळला होता. मग त्याने ओळ वाचली. मग दुसऱ्या मशीनवर आली, तिसऱ्यावर. अकरा काळ्या पडद्यांवर एकच ओळ, स्विलेन रांगेलोव, आणि पुढे पांढरे काहीच नाही. मागून कोणीतरी हसले. वाईटपणाने नव्हे, मुले घाबरली की हसतात तसे. मी म्हटले, मशीन बंद करा, वेळ झाली. वेळ झाली नव्हती.

तास संपल्यावर तो थांबला होता. टेकडीवरच्या बालगृहाची गाडी चारला यायची, त्याला घाई नसायची. पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत तो म्हणाला, “बाई, त्या दुसऱ्या तक्त्यात माझ्यापुढे तुमचं नाव घालता येईल का? म्हणजे उद्या ओळ येणार नाही.” मी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटले, “खोटी नोंद करायची नसते, बाळा.” किती मायेने म्हटले होते. नंतर एक लोकरीचा गळपट्टा आणि संत्री पाठवली. तो गळपट्टा त्याने तीन हिवाळे वापरला.

आता स्विलेन नगरपालिकेच्या मशीनची देखभाल करतो, कंत्राटावर. दर गुरुवारी येतो, माझ्यासाठी कोपऱ्यावरची गरम बानित्सा आणतो, कागदाला तेल सुटलेले असते. बाकीच्या दिवशी घरूनही त्याला माझ्या मशीनमध्ये येता येते. वही उतरवून होईपर्यंत मी त्याचे नाव मनातसुद्धा घेतले नव्हते. मग घेतले, आणि मग कुठेच दुसरे नाव सुचेना.

एक प्रश्न तरी विचारायलाच हवा होता. जूनच्या यादीतली जी माणसे आज यादीत नाहीत ती कुठे गेली? मी विचारला, एक जुनी ओळ गळाली असेल, गळू दे. तीन नावे आली. तिघांपुढे उन्हाळ्यात संपर्काचे नाव लागले होते, तिघांपुढे एकच, अल्बेना ग्युरोवा. नाते, देखभाल करणारी. आणि तिघेही त्यानंतर दोन-तीन महिन्यांत वारलेले. घरे त्याच बाईच्या नावावर. देखभालीचा करार आमच्याकडे नवा नाही. म्हातारा माणूस घर लिहून देतो, दुसरा त्याला मरेपर्यंत सांभाळायचे वचन देतो. किती दिवस सांभाळावे लागेल हे करारात नसते. तिघांतला एक त्सोंचो, गोदीतला जुना यंत्रकामगार, माझ्या रस्त्यावर राहायचा. तो गेल्याचे मला आत्ता, या पडद्यावर कळले. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा काळ्या चौकटीचा कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर लागतो, फोटोसकट; त्यामुळेच आपल्याला कळते. तो चिकटवायला घरचे माणूस लागते. त्सोंचोचा कागद कोणी लावला नाही. सप्टेंबरभर मी त्याच्या खिडकीकडे पाहून हात हलवत होते.

संध्याकाळी लवकरच निघाले. पासष्टाची यादीही मोजून उतरवून घेतली होती; एकूण दहाच नावे. त्यांत माझ्या वरच्या मजल्यावरच्या स्तोयनामावशी. वय चौऱ्याऐंशी, चाळीस वर्षे डबाबंद फळांच्या कारखान्यात काढलेली, जीभ अजून कात्रीसारखी. दार उघडले तर आतून पुदिना घातलेल्या घेवड्याच्या सुपाचा वास.

“ये, ये. आज माझ्याकडे मेजवानी आहे,” त्या म्हणाल्या. “मी नाही केलं हं. एक बाई आणून देते. गोड आहे पोर, अल्बेना नाव.”

“कधीपासून येते?”

“झाले की दहा दिवस. पडद्यांची मापंही घेऊन गेली, म्हणते नवे शिवून देते. शुक्रवारी कसलासा कागद आणणारे, नगरपालिकेचा. मी म्हटलं, शुक्रवारीच आण, चष्मा दुरुस्तीला टाकलाय.”

“मावशी, त्या कागदावर सही करू नका.”

“का गं? तुझ्या पोटात का दुखतंय? तू कधी सूप आणलंस मला?”

अकरा वर्षे मी त्यांच्या खाली राहते. त्यांनी भिंतीवरची चौकट दाखवली. त्यांचा काळ्या काठाचा कागद त्यांनी स्वतःच छापून घेऊन ठेवला होता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा फोटो, कानात मोती, फक्त तारखेची जागा कोरी. “लावणार कोण, एवढाच प्रश्न होता,” मावशी म्हणाल्या. “तिला विचारलं, लावशील का? म्हणाली, लावीन की आजी. एवढं पुरे झालं मला.”

खाली माझ्या घरात येऊन मी दिवा न लावता बसले. डोळ्यांपुढे तो कोरा भाग येत राहिला. पडद्यावरही तसाच असतो. जिथे काही नाही तिथे मशीन काही लिहीत नाही, नुसता काळोख दाखवते, आणि माणसाचे डोळे सवयीने त्याच्यावरून घसरतात. मी मुलांना त्या काळोखावर बोट ठेवायला शिकवले होते. त्यांतल्या सत्तावीस जणांनी ते विसरून संसार थाटले.

बुधवारी रजा काढली. सकाळी वही घेऊन सरकारी वकिलांच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने चारही पाने उलटून पाहिली. “कोणत्या खात्यातून झालं हे?” माझ्या, मी म्हटले. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले, वहीवर शिक्का मारला आणि आवक क्रमांक लिहून दिला. उत्तर तीस दिवसांत. शुक्रवार परवावर होता.

मग मी दारे वाजवत फिरले. दहांपैकी एक मी. उरलेली नऊ. हातात संपर्क नोंदवायचा अर्ज, आणि त्यात माझे नाव. दुसरे काही सुचले नव्हते. ज्याच्यापुढे कोणाचे तरी नाव आहे तो त्या प्रश्नाच्या जाळ्यात सापडत नाही, एवढेच मला ठाऊक होते. एका आजोबांनी साखळी लावूनच फटीतून अर्ज घेतला आणि विचारले, “आणि तुम्ही काय घेणार?” काही नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. एका बाईने मला दोन तास बसवून मेलेल्या मांजरांची नावे सांगितली. एकीने सही केली आणि मग हळूच विचारले, “म्हणजे आता मी तुम्हाला फोन केला तर चालेल?” मी हो म्हटले. नऊ वेळा हो म्हटले. शेवटी स्तोयनामावशी. त्यांनी चष्म्याविना कागद डोळ्यांजवळ धरला. “तू लावशील का माझा कागद?” मी हो म्हटले. “मग दे ते पेन,” त्या म्हणाल्या, “पण सूप मला तिचंच आवडतं, सांगून ठेवते.”

गुरुवारी सकाळी मी नऊ नोंदी टाकल्या. बोटे गार पडली होती, दोनदा पुन्हा किरिल लिपीत टाइप झाले. मग बाण दाबून त्याचाच प्रश्न समोर आणला. आधी मोजले. एक. मग पाहिले. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ. तेमेनुगा दिमोवा, आणि पुढे काही नाही.

वेगळेच वाटले. ओळ वाईट नव्हती, खरी होती, माझ्याबद्दल कोणी काही खोटे लिहिले नव्हते. तरी वाटले की मी भर वर्गात उभी आहे आणि अकरा पडद्यांवर मी आहे, आणि कोणीतरी आता हसणार आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळले की तो मुलगा कोणत्या जागी उभा होता. तेवढ्यात मागून तेलकट कागदाचा आणि चीजचा वास आला.

“बरोबर आलं, बाई,” स्विलेन म्हणाला. “एकच ओळ.”

तो किती वेळ मागे उभा होता कोण जाणे. चांगला कोट, केस नीट कापलेले, कपाळाच्या बाजूला थोडे पांढरे झालेले. त्याने बानित्सा माझ्यापुढे ठेवली, रुमालासकट.

“तू काढतोस ही यादी,” मी म्हटले.

“मी प्रश्न विचारतो. तुम्ही शिकवलेला.” त्याने खुर्ची ओढली, उलटी, पाठीवर हात टेकून बसला, शाळेत बसायचा तसा. “पुढे कोण कुठे जातं, ते माझ्या तक्त्यात नसतं.”

“तीन माणसं मेली, स्विलेन.”

“म्हातारी होती, बाई. त्यांच्या शेवटच्या दिवसांत कोणी तरी सूप घेऊन गेलं. आधी कोण जात होतं? तुम्ही तक्ता केलात, दोन हिवाळे गेलात, आणि मग?” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. “आणि आज नऊ नोंदी टाकल्यात तुम्ही. मी पाहिलं. नऊ अनोळखी माणसांपुढे तुमचं नाव.”

“त्यांनी सह्या केल्यात. खोटी नोंद नाही. मी जाणार आहे त्यांच्याकडे.”

“तेव्हाही खोटी झाली नसती, बाई,” तो म्हणाला.

क्रासिमिराबाई आत आल्या, आम्हा दोघांकडे पाहिले, फायली घेतल्या आणि दार हलकेच ओढून गेल्या. मी काहीतरी बोलायला हवे होते. इतकी वर्षे ते वाक्य माझ्याकडे तयार होते. रस्त्यात, स्वयंपाक करताना, झोप येत नसे तेव्हा मी ते सरळ करून घडी घालून ठेवले होते. स्विलेन, त्या दिवशी चूक माझी होती. पण तोंडून निघाले ते दुसरेच. “स्तोयनामावशींकडे उद्या ती बाई येता कामा नये.”

“नाही येणार. त्या आता यादीत नाहीत.” तो उठला. पडद्यावरच्या त्या एका ओळीकडे त्याने पाहिले आणि बोटाने काचेवर नावापुढच्या काळ्या जागेला हलकेच स्पर्श केला. “ही एवढी राहिली,” तो म्हणाला. “खा ना बाई, गार होतंय.”

मी खाल्ली नाही. तो गेल्यावर ती कागदासकट खणात ठेवली, आणि दिवसभर खणातून वास येत राहिला. घरी जाताना पासवर्डचा कागद फाडून टाकला, नवा पासवर्ड केला, आणि तो कोणालाही न सांगता निघाले. जिन्यात लक्षात आले की मशीनचा सगळा कारभार ज्याच्या हातात आहे त्याला माझा पासवर्ड नवा काय आणि जुना काय.

शुक्रवारी धुके विरले होते. खिडकीतून पुतळा दिसत होता, त्याच्या खांद्यावर कावळे. टर्मिनल उघडले आणि सवयीने बाण दाबला. काही आले नाही. पुन्हा दाबला. ते पाचशे प्रश्न, माझे, त्याचे, एप्रिलपासूनचे, सगळे गेले होते. स्वच्छ पाटी. माझी वही शिक्क्याखाली, तीस दिवसांच्या कपाटात. मग मी तो प्रश्न पुन्हा स्वतःच्या हाताने टाइप केला, अक्षर न चुकता, जसा वर्गात फळ्यावर लिहायची तसा. पासष्टच्या पुढची, एकटी, घर स्वतःचे, संपर्काला कोणी नाही, अशी किती?

शून्य.

मला क्षणभर आनंद झाला; ते लपवून काय उपयोग. ज्याच्यापुढे काळोख नाही असे माणूस झाल्याचा तो आनंद होता, आणि बारा वर्षांच्या एका मुलाने तो माझ्याकडे मागितला होता, आणि मी तो दिला नव्हता. मग मी माझी ओळ उघडली. संपर्क, स्विलेन रांगेलोव. नाते, विद्यार्थी. नोंद काल दुपारची, आणि नोंद करणारे खाते माझे. मी ती पुसायला प्रश्न लिहिला. अर्धविराम द्यायचा राहिला होता. तो दिल्यावाचून मशीन काहीही करत नाही, नुसती वाट पाहते. मी त्या लुकलुकणाऱ्या पांढऱ्या खुणेकडे पाहत बसले. पुसली तर पुन्हा ती एकच ओळ येईल. ठेवली तर त्या तिघांसारखी मी. किंवा नाही. किंवा त्याने फक्त तेच केले होते जे तेव्हा मी करायला हवे होते. कोणत्याही तक्त्यात ते लिहिलेले नव्हते. अर्धविराम न देता मी पडदा बंद केला.

दुपारी घरी आले. जिन्यात पुदिन्याचा वास. दुसऱ्या मजल्यावर, कठड्यावरून वाकून, स्तोयनामावशी उभ्या होत्या, खांद्यावर शाल.

“वा, तेमेनुगा,” त्या म्हणाल्या. “मला म्हणालीस सही करू नका, आणि सूप स्वतःकडे वळवलंस.”

माझ्या दाराशी झाकण लावलेले भांडे होते, त्याच्याभोवती टॉवेल नीट गुंडाळलेला.

“अल्बेनाच आली होती. मला हात केला फक्त, आत आली नाही. तुझ्या खिडकीचं माप विचारत होती, मी म्हटलं माझ्याएवढीच असणार, वर-खाली घरं सारखीच.” मग त्या जरा दुखावल्या आवाजात म्हणाल्या, “म्हणाली, मुलानं पाठवलंय. अकरा वर्षं शेजारी आहेस, मुलगा आहे हे कधी बोलली नाहीस.”

मी खाली वाकले आणि भांड्याला हात लावला. टॉवेलखाली ते अजून गरम होते.